दिवसाची झोप

आजोबांच्या शोकसभेला निघायची वेळ झाली तरी बोलायचं काय, हे बाबांचं ठरत नव्हतं.

"तूच सांग ना गं. सुरुवात कशी करू?"

ठिणगी दचकली. बाबा दारात कधी येऊन उभे राहिले, तिला पत्ताच नव्हता. त्यांच्या पावलांना आवाज म्हणून नसे. दार उघडताना ते कडी दोन बोटांत धरून अलगद वर उचलत आणि मग दार असं सरकवत की बिजागऱ्यांनाही चाहूल लागू नये. मांडीवर बाळ दूध पीत होतं, तेसुद्धा हललं नाही.

"मनाला येईल ते बोला," ती म्हणाली.

"मनाला काय येणार कपाळ! माझा त्यांचा सहवास किती, तुला ठाऊकच आहे. तू त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलीस. तू बोल की."

"मी बाळाला घेऊन मागे बसणारे."

खरं कारण वेगळं होतं. ती बोलायला उभी राहिली असती तर तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं असतं. दवाखान्यातून आल्यापासून ते तिने जिभेखाली निखारा धरावा तसं धरून ठेवलं होतं. ते थुंकून टाकलं असतं तर तिला गार वाटलं असतं. पण समोर उभा असलेला हा माणूस त्याने होरपळला असता, आणि तिच्या बाळाला आता आजोबा म्हणायला तेवढाच एक माणूस उरला होता.

तिचे स्वतःचे आजोबा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वितळलेल्या पोलादासमोर उभं राहून काढली. लांब दांड्याचा पळा आत घालून नमुना काढायचा, फावड्याने चुना फेकायचा, टोपीला लावलेली निळी काच डोळ्यांवर ओढून भट्टीच्या पोटात बघायचं. भर उन्हाळ्यात अंगात जाड लोकरीचा कोट. कोपरापर्यंत हातांवर पांढरे ठिपके, उडालेल्या ठिणग्यांनी दिलेले. लहानपणी ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारी, "आजोबा, हा कुठला?" आणि ते प्रत्येकाची गोष्ट सांगत. त्यातल्या निम्म्या शुद्ध थापा. मनगटावरचा मोठा ठिपका म्हणे एका ठिणगीने मुका घेतल्याचा होता. तीच ठिणगी पुढे नात होऊन घरी आली. तेव्हापासून तिचं हेच नाव. कागदावरचं नाव फक्त शाळेच्या बाई घेत.

ती रांगत होती तेव्हा तिची आई गेली. आजी त्याच्या आधीच. बाबांची नोकरी फिरतीची, यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडायचं. आजोबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. "ठेव इथे," एवढंच ते मुलाला म्हणाले. आणि भट्टीवरच्या त्या माणसाने वेणी घालायला शिकून घेतलं, फ्रॉकची शिवण उसवली तर टाके घालायला शिकून घेतलं. बाटलीतलं दूध फार गरम नाही ना, हे लोक मनगटावर थेंब टाकून बघतात. आजोबांचं मनगट भाजून भाजून बधिर झालेलं, तिथे काही कळायचं नाही. मग ते थेंब ओठाला लावत. तिच्या बाळाचं दूधही ते परवापरवापर्यंत तसंच बघत होते, ओठ पुढे काढून, चंबूसारखे.

निवृत्तीनंतर आजोबांनी एक गोष्ट कायमची सोडली. दिवसा झोपणं.

"पुरे झालं," ते म्हणत. "मी रात्रपाळी करून घरी यायचो आणि सूर्य उगवायचा. तो वर, मी चादरीखाली. जन्मभर उजेडाकडे पाठ करून झोपलो. आता दिवस आहे तोवर मी जागा."

जेवणानंतर पेंग आलीच तर उठून तोंडावर पाणी मारत. ताप असला तरी शाल गुंडाळून खुर्चीत ताठ बसून राहत. माणसं दुपारी झोपतात, हे ठिणगीला पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी गेल्यावर कळलं.

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलेला बाप वेगळा होता. तो रात्रपाळीहून येई, एक शब्द न बोलता खात असे आणि आडवा होई. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. कडीला चिंधी गुंडाळलेली. भांडं पडलं तर फटका, शिंक आली तर फटका, हसू आलं तर दोन. मुलं खाणाखुणांनी भांडत आणि उशीत तोंड खुपसून रडत. निळ्या काचेतून बाबांना एकदाच, चोरून, सूर्य बघायचा होता. टोपी खाली पडली. पुढे काय झालं ते बाबा कधी सांगत नसत, फक्त कानामागची खूण दाखवत. ठिणगी त्याच काचेतून रोज सूर्य बघे, आजोबांच्या खांद्यावर बसून.

"माझा बाप तुला मिळाला," बाबा तिच्या लग्नात हसत हसत म्हणाले होते. "मला त्यांची पाठ मिळाली. भिंतीकडे तोंड केलेली."

आजोबा गेले त्या दिवशी सकाळी बाळाला लस टोचायला न्यायचं होतं. नवरा कामावर गेलेला. बाबा बाळ बघायला म्हणून चार दिवस राहायला आलेले, ते अजून अंथरुणात होते. आजोबा फाटकापर्यंत सोडायला आले, बाळाचं टोपडं कानांवर नीट ओढलं आणि म्हणाले, "सुई टोचताना त्याच्याकडे बघू नकोस. त्याच्याआधी तूच भोकाड पसरशील."

दवाखान्यात ही गर्दी. ती परत आली तेव्हा घरात अंधार होता. सगळे पडदे ओढलेले. रेडिओ बंद. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वर्तमानपत्राचं पान उलटत होते, कागद वाजू नये म्हणून कोपरा धरून, इंच इंच. तिला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत."

"कोण?"

"तुझे आजोबा. मगाशी डोकावलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हटलं झोपू दे. तो मोठ्या आवाजाचा दोस्त आला होता फिरायला न्यायला, त्यालाही दारातूनच वाटेला लावलं. आणि घोरतायत काय गं! अगदी तेव्हासारखे."

तिने बाळ बाबांच्या हातात जवळजवळ फेकलंच. घोरण्याचा आवाज खोलीतून येत होता, खरखरीत, मध्येच थांबणारा. तिने आजोबांना उताणं केलं. चेहरा एका बाजूने ओघळला होता. डोळे अर्धे उघडे. ते घोरत नव्हते. सकाळभर ते हाका मारत असणार, जमतील तशा.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो आवाजही थांबला. डॉक्टर तरुण होते, तिच्याच वयाचे. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." तेच ते वाक्य.

"मग मी शेवटच्या दिवसाचं सांगतो," बाबा आता दारात उभे राहून म्हणत होते. चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखं झालं होतं. "लहानपणी मी घर शांत ठेवायचो ते माराच्या भीतीने. त्या दिवशी आपणहून ठेवलं. जन्मात त्यांच्यासाठी तेवढं एकच धड केलं मी. निवांत झोपेत गेले. बरं वाटतं गं, तेवढा विचार केला की."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि ढेकर येईपर्यंत त्याची पाठ थोपटत राहिली. जरा जोरातच.

कामगार संघटनेच्या सभागृहात खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. भट्टीवरची माणसं आता थोडीच उरली होती आणि जी होती त्यांना ऐकू कमी येई. फोटोतले आजोबा निळी काच कपाळावर सारून हसत होते. कारखान्याच्या साहेबांनी आधी भाषण केलं. आजोबांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी गळा दाटून आणला. "कारखाना हेच त्यांचं घर होतं," ते म्हणाले.

"घर होतं तर एक पंखा लावायचात!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

हा भोंगा. आजोबांचा भट्टीवरचा जोडीदार. कारखान्याचा भोंगा बिघडला तरी पाळी वेळेवर सुटेल, कारण हा आहे, अशी त्याची ख्याती. आता कानही गेल्यामुळे त्याची कुजबूज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. लोक हसले. साहेबांनी भाषण आवरतं घेतलं.

मग बाबा उठले. माईकपर्यंत गेले, खुर्ची सरकवली, कशाचाच आवाज झाला नाही.

"माझे वडील फार बोलायचे नाहीत," बाबांनी सुरुवात केली. "मीही बोलत नाही. पण शेवटच्या दिवशी मी घरात होतो. ते दिवसा झोपले होते. मी पडदे ओढले. कुणाला आवाज करू दिला नाही—"

"दिवसा?" भोंग्याने शेजाऱ्याला विचारलं आणि सगळ्या सभागृहाने ऐकलं. "तो कुठला दिवसा झोपायला? भट्टी सुटल्यापासून दिवसा डोळा मिटला नाही गड्याने! मी दारात गेलो तेव्हा मला चमत्कारिकच वाटलं. पण हा पोरगा म्हणाला झोपलेत, आणि मी माघारी फिरलो. जुनी खोड, काय करणार."

ती खोड सगळ्यांनाच होती. कामगारांच्या वस्तीत 'झोपलेत' म्हटलं की कुणीही दारातून मागे फिरे. यम आला तरी चपला हातात घेऊन परत जाईल, असं आजोबाच म्हणत. त्या दिवशी तो आधीच आत होता.

बाबा थांबले. त्यांनी माईकवरून मान वळवली आणि मागच्या रांगेत ठिणगीला शोधलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, हातातून भांडं निसटलंय पण अजून खाली पडलेलं नाही, अशा मुलासारखा.

आता बोलावं. निखारा जिभेच्या टोकावर आला होता. आजोबा सकाळभर हाका मारत होते आणि तुम्ही पानं उलटत होता. त्यांच्याजवळ दोन दिवससुद्धा कधी धड बसला नाहीत, म्हणून तुम्हाला कळलं नाही. बाळाने तिच्या साडीचा काठ मुठीत धरला होता.

"त्या दिवशी झोपणार होते ते," ठिणगी उभी राहून म्हणाली. "मला फाटकाशी म्हणाले होते. रात्री डोळा लागला नाही, जरा पडतो."

थाप मारायची तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून मारायची, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. तिने बाबांच्या डोळ्यांत बघितलं.

भोंगा खुर्चीत वळला. बराच वेळ त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग माईकपाशी उभ्या असलेल्या बाबांकडे.

"हां," तो म्हणाला. "मग असेल."

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. त्या हळू आवाजानेच सगळं फोडलं. बाबांनी भाषण पुरं केलं नाही. येऊन आपल्या जागेवर बसले, आणि बसताना त्यांची खुर्ची करकरली.

ते घरी आले. पायरीवर चपला काढताना बाबांनी विचारलं, "डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले होते?"

"काही नाही. वय झालं होतं म्हणाले."

"असं."

त्यांना कळलं होतं. आणि कळलं याचं तिला बरं वाटलं, अगदी आतून, घोटभर गार पाणी प्यावं तसं. मग त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली. थाप मारून तिने कुणाला वाचवलं होतं, ते तिचं तिलाच सांगता येईना.

तिने बाळाला आतल्या खोलीत निजवलं आणि मागच्या दोरीवरचे कपडे काढायला गेली. लख्ख दुपार होती. आजोबांची खुर्ची ओट्यावर उन्हात तशीच होती, फिरवून फिरवून उजेडाकडे तोंड केलेली. कपड्यांचा ढीग घेऊन ती परत आली तर घर चिडीचूप. खोलीचं दार अर्धवट सरकलेलं.

बाबा बाळाजवळ होते. अनवाणी, चवड्यांवर. वाकून त्यांनी एक बोट बाळाच्या नाकाखाली धरलं होतं. धरलं, काढलं, पुन्हा धरलं. त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी बाळाच्या कानाशी टाळी वाजवली. एक. दुसरी, जोरात.

बाळाने टाहो फोडला.

"अहो बाबा! आत्ता कुठे झोपलं होतं ते!"

"माहितेय," बाबा म्हणाले. त्यांनी पडदा इतका खसकन बाजूला सारला की दांडी निखळून फरशीवर आदळली. मग त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं आणि खोलीभर फेऱ्या घालू लागले, टाचा आपटत. रडून रडून बाळ दमलं, त्याची मान त्यांच्या खांद्यावर कलली, पापण्या जडावल्या. ठिणगीने हात पुढे केले.

बाबांनी दिलं नाही. त्यांनी बाळाला पुन्हा हलवून जागं केलं.