गळती आणि गंज

मित्रांनो, मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक कप्पा, प्रत्येक कप्प्याला एक झाकण. झाकणांवरची अक्षरं बोटं लागून लागून पुसली गेली, पण त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. ज्याची अक्षरं कोरी करकरीत, तो डबा कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, गार केलं, की झालो मी तयार. काही दिवस औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी धूळ खात पडलो. मग कात्रीताईने मला विकत घेतलं. तिचं केस कापायचं दुकान आहे, म्हणून सगळे तिला कात्रीताईच म्हणतात.

तिला आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार होता. पोटात कळ आली की हातातलं काम टाकून पळावं लागे. एकदा एका मास्तरांचं अर्धं डोकं भादरून ती जी संडासाकडे धावली, ते बिचारे आरशात स्वतःचं रूप बघत बसले. लोक हसत, तिला मात्र रडू येई. रोजची गोळी सुरू झाली आणि हळूहळू पोट शांत झालं. मला आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांशेजारी मानाची जागा मिळाली. "हा डबा आहे म्हणून माझं दुकान चालतंय," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मी नुसता फुगून जायचो.

पुढे तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "या गोळ्या गरोदरपणात चालतात, मी बघूनच दिल्यात. मला विचारल्याशिवाय बंद करू नका. आतडं सुजलं की शरीरात पेशींना इजा करणारे पदार्थ वाढतात. ते शरीराला आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. लोखंडाला गंज चढतो ना, साधारण तसं समजा. ज्या वारेतून बाळाला अन्न मिळतं, तिलाही त्याचा त्रास होऊ शकतो. आजार उसळला तर बाळ लवकर जन्मण्याची, वजनाला कमी भरण्याची भीती असते."

नवरा नळदुरुस्तीचं काम करतो. त्याच्या डोक्यात एकच शब्द बसला, गंज. त्यात कात्रीताईची आई राहायला आली. "पोटात लेकरू आणि वर रोज औषध? नको गं बाई," असं तिने लावून धरलं. जावयाने कुठूनशा ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पिवळ्याधमक कॅप्सूल आणल्या. सासू-जावयाचं एरवी चहातल्या साखरेवरूनही पटत नसे, या वेळी मात्र दोघांचं अगदी गूळपीठ जमलं. बाळाच्या काळजीने कात्रीताईनेही मान डोलावली. माझ्यातल्या गोळ्या गेल्या आणि कॅप्सूल आल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! पण डब्याला विचारतो कोण? मी मनातल्या मनात चरफडत राहिलो.

काही आठवड्यांत कळा परत आल्या. शौचावाटे रक्तही पडू लागलं. ती कुणाला काही बोलली नाही. मग एक दिवस एका मुलीचे केस कापता कापता ती पोट धरून खालीच बसली. आईने धावत येऊन तिला धरलं. नवऱ्याने मला पिशवीत टाकलं आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी माझं एक झाकण उघडलं, मग दुसरं. "आतड्याची गोळी कुठंय?"

"गंजावरचं औषध आणलं होतं," नवरा हळूच म्हणाला.

"पाइपचा जोड गळतोय आणि तुम्ही वरून गंज घासत बसलात. गिऱ्हाईक काय म्हणेल तुम्हाला?"

"शिव्या घालेल." त्याचे डोळे भरून आले. "बाळ ठीक आहे ना?"

"ठोके चांगले आहेत. पण आधी आतडं शांत करायला हवं. या कॅप्सूलने ते होणार नाही."

त्या दिवसापासून माझ्यात पुन्हा तिची गोळी आली. काही दिवस आणखी एक औषधही वाढवलं होतं. मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. मधल्या तपासणीत बाळाचं वजन थोडं मागे होतं, तेव्हा घरात कुणाला घास गोड लागेना. पण आतडं निवलं तसं वजनही वाढू लागलं. दिवस पुरे भरले आणि मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज तर त्याहून चांगला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची रोजची गोळी असेल, तर मायेपोटीसुद्धा ती परस्पर बंद करू नका, परस्पर बदलूही नका. शंका आली की डॉक्टरांना विचारा. आणि माझ्यासारख्याला लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आमच्या घरी आता सकाळी बाळ रडायला लागलं की कात्रीताई हात पुढे करते. आजी नातीला छातीशी घट्ट धरते, लेकीला देत नाही. माझं झाकण उघडून मला तिच्यापुढे सरकवते आणि म्हणते, "आधी तुझी गोळी घे. तू माझं लेकरू आहेस."