रूपरावांच्या घरामागची पिकअप

मित्रांनो, रोहण्यात रूपरावांच्या घरामागे विटांवर टेकून उभी आहे ना, ती जुनी पिकअप गाडी मीच. माझ्या हौद्यात आता कोंबड्या अंडी घालतात.

एकोणीसशे एकोणसत्तर साली मी कारखान्यातून निघाले. हिंगणघाटच्या एका ठेकेदाराकडे बारा वर्षे सरकीची पोती वाहिली. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. "माही लक्ष्मी हाय हे," असे मालक म्हणायचे. माझ्या मीटरचे आकडे नव्व्याण्णव हजारांपुढे जाऊन शून्यावर आले, असे दोनदा झाले. मग नवी गाडी आली आणि मला तळेगावच्या बंडूजी दलालाकडे धाडले.

तिथे रूपराव आणि आनंदाबाई मला पाहायला आले. त्यांचे लहानसे बिछायत केंद्र होते. लग्नांना मांडव, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज ते बैलबंडीने पोचवत.

"चाळीस हजारच चालली," बंडूजी मीटर दाखवत म्हणाला.

आनंदाबाईंनी वाकून ब्रेकचे पायडल पाहिले. "मंग पायाखालचं रबर काऊन एवढं झिजलं वो?"

"वहिनी, डायवर वजनदार होता!"

मला ओरडून खरे सांगावेसे वाटले. पण गाडीला कुठला आवाज?

आनंदाबाईंनी नवऱ्याला बाजूला नेले. "हे गाडी घेऊ नोका."

"अल्लीपूरले बंडी नाई पोचत. तिथल्या अण्णाजीले पोरीच्या लग्नाचा शब्द देऊन बसलो मी."

"मंग शब्द मोडा."

रूपरावांनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. मग त्यांनी किल्ली घेतली.

अण्णाजींच्या मुलीचे लग्न वैशाखात होते. वर्धा मागे पडली आणि माझा गिअरबॉक्स कडकड करत जाम झाला. रूपराव कपाळाला हात लावून रस्त्यातच बसले. मग बंडी शोधायला पायी धावले. सामान पोचले तेव्हा दुपार टळली होती. तोवर मांडव नाही, गंज नाहीत, चुली थंड. वऱ्हाडी उन्हात उपाशी बसलेले. अण्णाजी हात जोडून व्याह्यांपुढे उभे होते.

"रूपराव," ते एवढेच म्हणाले, "पोरीच्या लग्नात मले खाली पाहाले लावलं तुमी."

ही गोष्ट गावोगाव पोचली. त्यानंतर रूपरावांना कोणीही बोलावले नाही. मांडवाच्या कापडाला उंदीर लागले. आनंदाबाई आता दुसऱ्यांच्या लग्नांत भांडी घासायला जातात. त्यांनी नवऱ्याला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच रूपरावांना सोसत नाही.

लग्नसराईत वाजंत्री ऐकू आली की रूपराव माझ्यात येऊन बसतात, स्टेअरिंग धरून. परवा म्हणाले, "तुही चूक नाई वो. मलेच तिचं आयकता आलं नाई."

मित्रांनो, माझी दुरुस्ती आता होणार नाही, आणि त्यांचीही नाही. पण कधी थकलेली गाडी विकायला काढलीत, तर तिचे खरे वय तुम्ही सांगा. तिला सांगता येत नाही. आणि घेणारा माणूस आशेने इतका भरलेला असतो, की त्याला विचारता येत नाही.