एकशे आठ नगांची पेटी

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या मुलाचं डोकं मानेवर सैल फिरायला लागलं. दाढी करताना त्याने गाल वळवला आणि डोकं थांबलंच नाही. पूर्ण गिरकी घेऊन परत आरशासमोर आलं. जयवंतने उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"आई, जरा बघ गं. धरत न्हाई."

मी दोन्ही हातांनी डोकं फिरवून पाहिलं. डावीकडे फिरत होतं, उजवीकडे फिरत होतं, कुठेच आवळत नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आमच्या ह्यांच्या लेथशेजारी उभं राहून मी एकतीस वर्षं लोखंडात आटे पाडले. हाताला लगेच कळतं.

"आटे गेलेत," मी म्हटलं.

कारण ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी त्याने फोनवरून एकशे आठ नगांची पेटी मागवली होती. ड्रिल मशीन, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं अर्ध्या किमतीत. त्या ड्रिलने बैठकीच्या भिंतीत पाडलेलं भोक दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सरकलं. मग कपाटाचे स्क्रू फिरायला लागले, मग बिजागऱ्या, मग खिडक्यांच्या कड्या. त्याने हात लावलेलं सगळं सुटलं आणि आठव्या दिवशी तो सुटला.

स्वस्त म्हणून मी कशाला नावं ठेवत नाही. हातोडा स्वस्तातला चालतो. मोजायची टेप चालते. ह्यांनी पहिला हातोडा जुन्या बाजारातूनच आणला होता, दांडा मी बसवला. पण जे पिळायचं असतं, ज्याच्यावर जोर येतो, त्याचं पोलाद मऊ असेल तर ते आधी स्वतः झिजतं आणि मग समोरच्याला झिजवतं. हे मी पेटी आली त्या दिवशीच सांगितलं होतं. जयवंत हसला होता. "आई, आता कोण जन्मभरासाठी घेतंय?"

सुनेने, निलांबरीने, तोवर पेटीच्या कंपनीला फोन केला होता. दहा मिनिटांत निळा शर्ट घातलेला माणूस आला. त्याच्यामागे माणसाच्या उंचीचं खोकं होतं. ते आत येताच चारी भिंती वीतभर पुढे सरकल्या.

"दहा दिवसांच्या आत बदलून मिळतो, मॅडम," तो म्हणाला आणि खोकं उघडलं.

आत थर्माकोलमध्ये दुसरा जयवंत उभा होता. तोच शर्ट, तीच हनुवटी. केस मात्र दाट. डोळे मिटलेले.

निलांबरी जवळ जाऊन बघत राहिली. "ह्याचे गुडघे दुखत नसतील, नाही?"

"अगं, मी इथंच हाय," जयवंत म्हणाला.

"हो, पण बघायला काय जातंय?"

"जुना कुठे नेणार?" मी त्या माणसाला विचारलं.

"वितळवतात. परत माल होतो."

जयवंतने डोकं हाताने धरून माझ्याकडे वळवलं. "आई, जाऊ दे. नवीन मिळतोय तर घे. मला घरभर धरून कोण बसणार?"

"गप बस. आमच्यात बदलत नाहीत. दुरुस्त करतात."

"मॅडम, असल्या वस्तू दुरुस्त होत नसतात," तो माणूस म्हणाला. भिंती आणखी पुढे आल्या. जेवणाचं टेबल माझ्या कमरेला लागलं.

मी देवघरापाशी गेले. पाटावर ह्यांची हत्यारं मांडलेली होती, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून. त्या दिवशी ती विश्रांती घेतात. दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी शिवत नाही. लग्न होऊन आल्यापासून खंडेनवमीला मी एकदाही शिवले नव्हते.

"आत्ती, आज हत्यार उचलायचं नसतं!" निलांबरी ओरडली.

"देवाला म्हणावं, उद्या बोल माझ्याशी."

मी आटे पाडायचा टॅप उचलला आणि कुंकू पुसलं. गेलेल्या आट्यांवर इलाज एकच, एक माप मोठे नवीन पाडायचे. जयवंतला स्टुलावर बसवलं, डोकं उचलून निलांबरीच्या मांडीवर दिलं, मानेत तेलाचे दोन थेंब सोडले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अर्धा पुढे, पाव मागे. घाई केली की टॅप आत मोडतो.

"आई, गुदगुल्या होतात," मांडीवरून जयवंत म्हणाला. इकडे त्याचे खांदे हसायला लागले.

"हलू नको. लहानपणी बटण लावतानाही असाच करायचास."

आटे स्वच्छ उतरले. बोट फिरवलं तर धार लागली. मी डोकं परत ठेवलं आणि ते डुगडुगलं. ह्यांचे टॅप इंची मापाचे होते. जयवंत मिलिमीटर आल्यावर जन्मलेला.

निळ्या शर्टाचा माणूस वाकून बघत होता. "या मापाचं डोकं आता कुठेच बनत नाही, मॅडम."

"बनत होतं," मी म्हटलं. "माझं इंचातलंच आहे."

भिंती आता इतक्या जवळ होत्या की आम्हा सगळ्यांचे गुडघे एकमेकांना टेकले होते. मी जयवंतचं डोकं पाटावर, झेंडूंच्या मधे ठेवलं. "आई, काय करतेस?" ते म्हणालं. मी त्याच्या शेजारी बसले, अंबाडा सोडला आणि मान ताठ केली.

"निलांबरी, माझ्या कानांजवळ दोन्ही हात लाव. डावीकडे फिरव."

"आत्ती, मला भीती वाटते."

"जोर लागेल. शहात्तर वर्षांत कुणी हलवलेलं नाही."

तिने दात आवळून जोर लावला. पहिला फेरा करकरत सुटला. झेंडू, देवघर, निळा शर्ट, एकेक माझ्या डोळ्यांसमोरून सरकत गेलं, आणि मग खोकं आलं. आतल्या जयवंतने डोळे उघडले होते आणि तो माझ्याकडे बघत होता.