बारा वर्षांची दाढ

आमच्या मुलींच्या आश्रमात कुणाकडेच जन्माचा दाखला नव्हता. कुणाला पोलिसांनी आणून सोडलेलं, कुणाला काका-मामांनी. पण कागदावर वय तर लिहायला हवं. म्हणून वर्षातून दोनदा डॉक्टर यायचे आणि आमचे दात बघून वय ठरवायचे. खालच्या जबड्यात मागची नवी दाढ दिसली, की मुलगी बारा वर्षांची झाली. मग तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या मुलींच्या वसतिगृहात धाडायचे. तिथून परत कुणी आलेली आम्ही पाहिली नव्हती.

एके दिवशी जेवताना माझ्या जिभेला ती दाढ लागली. घास तसाच तोंडात राहिला.

मला माझी काळजी नव्हती. शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती, सहा वर्षांची. आई गेल्यापासून ती फक्त माझ्याशी बोलायची, तेही कानात. सकाळच्या हजेरीला तिचा नंबर पुकारला, की तिच्या वतीने मी "हजर" म्हणायचे. धुणीवाल्या मावशी विचारायच्या, हिने तोंडात गुळणी धरलीय का गं? मुली हसायच्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका, हसत नसत. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुक्या मुलीला इथे ठेवता येत नाही, तिला मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेत पाठवावं लागतं. तू आहेस तोवर मी चालवून घेते. म्हणजे मी गेले की तीही जाणार, आणि कुठे ते मला कधीच कळणार नाही.

तपासणीला आठ दिवस होते. मी रोज बोटाने हिरडी दाबून पाहायचे. दाढ थांबत नव्हती. आठ दिवस मला अन्न गेलं नाही. बहीण कानात विचारायची, ताई, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही.

तपासणीच्या सकाळी सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या आणि धुतलेले फ्रॉक न्हाणीबाहेर खुंट्यांवर टांगलेले असायचे. नंबर मानेच्या मागे, कॉलरच्या आत शिवलेला. डॉक्टर तोंडात बघायचे, नर्स मागून कॉलर उलटवून नंबर वाचायची. चेहरा कुणी बघत नसे.

माझ्याच मापाची एक मुलगी होती, तिला सगळ्या लांबी म्हणायच्या. वयाने दहाचीच, पण उंचीला माझ्याइतकी. तिला ना बहीण, ना भाऊ. मी अंघोळ उरकून आधी बाहेर आले, तिचा फ्रॉक अंगात घातला आणि माझा तिच्या खुंटीवर टांगला. पाठीवरची बटणं बहिणीने लावली.

रांगेत माझी पाळी आली. डॉक्टरांनी दाढेवर चमचा टेकवला आणि म्हणाले, "ही आली." नर्सने कॉलर उलटवली. "एकोणपन्नास." तो लांबीचा नंबर होता. तपासणीनंतर रोजचे कपडे घालताना मी दोन्ही फ्रॉक पुन्हा आपापल्या खुंट्यांवर टांगले.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी यादी वाचली. एकोणपन्नासला त्या थबकल्या. ही इतक्यात कशी, असं त्यांनी नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, उंची बघा की तिची. लांबी उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती बोलली नाही. दोन दिवसांनी गाडी आली आणि ती गाठोडं घेऊन चढली. मी संडासात दडून बसले होते.

मला सहा महिने मिळाले होते. रोज दुपारी मी बहिणीला माळ्याच्या झोपडीमागे नेऊन "हजर" म्हणायला लावायचे. आधी भिंतीला, मग मावशींच्या मांजराला, मग खुद्द मावशींना. पाचव्या महिन्यात तिने हजेरीला स्वतः "हजर" म्हटलं. मोठ्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढच्या तपासणीला दुसऱ्या कुणाचा फ्रॉक घालायची माझी छाती झाली नाही. चव्वेचाळीस, नर्सने माझा नंबर वाचला. मी गाडीत चढले तेव्हा बहिणीने मला खिडकीतून हाका मारल्या, मोठ्याने.

गाडीत मला वसतिगृहाची भीती वाटत नव्हती. लांबीची वाटत होती. फाटकातून आत शिरले तर तीच समोर, कपबशांचा ट्रे घेऊन. मी गाठोडं खाली ठेवलं.

"धाकटी बोलते का?" तिने विचारलं.

"बोलते."

"बरं झालं." तिने ट्रे कट्ट्यावर ठेवला. "माझ्या फ्रॉकची बाही काखेत उसवलेली होती. त्या दिवशी अंगात घातला तो धड होता. वर नर्सने मागून चव्वेचाळीस वाचलं. मला तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला कोंडलं असतं." मग ट्रेमधल्या कपबशा सारख्या करत म्हणाली, "पण तू विचारायला हवं होतंस. मीच काढून दिला असता."

तिने माझं गाठोडं उचललं आणि जिन्याकडे निघाली. मी मागून गेले. त्या घरात आम्ही पाच वर्षं शेजारच्या खाटांवर काढली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि ती कधी काढेल या धास्तीने मी तिच्याशी एकदाही भांडले नाही.