भुरीची आंघोळ

मेंढ्यावाली म्हातारी सकाळीच आपल्या कुत्रीला, भुरीला, धुवायला बसली होती. एरवी भुरीच्या अंगाला पाणी लागायचं ते पावसाचंच. पण दुपारच्या गाडीनं लेक यायची होती, नातवंडं यायची होती आणि ती आल्या आल्या भुरीच्या गळ्यात पडणार, मग आजीकडे बघणार. उद्या थोरला मुलगाही यायचा होता. वर्षातून एकदा, सुट्टीत, घर भरायचं.

"हलू नको गं बये, तुला काय लग्नाला न्यायचंय?" म्हातारी म्हणत होती. भुरीच्या मानेला, तोंडाला साबणाचा फेस. डोळे मिटून शहाण्या पोरीसारखी उभी.

तेवढ्यात खालच्या आळीतून ओरडा उठला, "कुत्रं पिसाळलंय! दारं लावा!" पाठोपाठ वाड्यातल्या मेंढ्या एकदम ओरडल्या. भुरी सुटली. म्हातारीच्या हातात नुसता साबण राहिला.

ती काठी घेऊन धावली. वाड्याच्या कुंपणाशी एक तांबूस कुत्रं झोकांड्या खात लाकडं चावत होतं. भुरीही त्याच रंगाची. ती त्याला भिडली नाही. मेंढ्यांच्या पुढ्यात उभी राहून गुरगुरत राहिली. कुत्रं वळलं आणि ओढ्याकाठच्या झुडपात शिरलं. भुरी थोडी त्याच्या मागे धावली, आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी माणसं आली. पुढे लोहार, हातात पहार.

पळतं कुत्रं दिसलं की माणसं मारतात, एवढंच म्हातारीला सुचलं. तिनं काठी जमिनीवर आपटली. "बस!"

कळप रस्ता ओलांडत असला की या शब्दावर भुरी बसायची. शेजारून ट्रक गेला तरी उठायची नाही. ती बसली. पहार वर गेली तेव्हाही बसूनच होती. तिनं फक्त म्हातारीकडे बघितलं. पहार खाली आली.

"अरे मेल्या, ही माझी भुरी! ते दुसरं ओढ्याकडे गेलं!"

"तोंडाला फेस होता, मावशी. सगळ्यांनी बघितलाय."

"साबण आहे तो! आंघोळ घालत होते मी. वास घे की!"

लोहार वाकला. दोन बोटांनी फेस उचलून नाकाशी नेला. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं तिला दिसलं. मागे अख्खी आळी उभी होती. कुणी त्याच्या पाठीवर शाबासकीची थापही मारली होती. त्यानं बोटं विजारीला पुसली.

"फेस तो फेसच. मेलं एकदाचं. उघडा रे दारं!"

"तुला कळलंय," म्हातारी हळूच म्हणाली.

"म्हातारीच पिसाळली आता," शिंपीण म्हणाली. सगळे हसले. भीती गेल्यावर माणसं हसतात तसं, जरा जास्तच.

भुरीवर पोतं टाकून म्हातारी थांब्यावर गेली. गाडी आली तशी दारातच आडवी उभी राहिली. "उतरू नका. पिसाळलेलं कुत्रं मोकळं आहे. हीच गाडी माघारी फिरेल, तिनंच जा. भावालाही कळव."

"मारलं की ते!" थांब्यावरचा शिंपी म्हणाला. "आम्ही सगळे होतो. ताई, तुम्ही उतरा."

लेकीनं दोघांकडे बघितलं. "आई, वर्षानं आलोय गं."

"जा म्हणते ना!"

"भुरी कुठंय?" धाकट्या नातवानं खिडकीतून विचारलं. 

"बसा रे जागेवर," लेक पोरांना म्हणाली. "आजीला आपण नको झालोय." गाडी गेली.

म्हातारी परतली तेव्हा लोहाराची चिमुरडी त्याच्या अंगणात मातीत खेळत होती. शिंपिणीनं "नक्की तेच होतं ना?" असं विचारल्यावर त्यानं स्वतःच तिला बाहेर आणून बसवलं होतं. "हे बघा, माझी पोर बाहेर आहे." आता तो ऐरणीशी बसून घण मारत होता आणि दर घावाला नजर ओढ्याकडे जात होती.

म्हातारी पोरीच्या पुढ्यात, ओढ्याकडे तोंड करून, दोन्ही हातांत काठी धरून उभी राहिली.

"आजी, खेळतेस?"

"तू खेळ."

घण थांबला. "मावशी, घरी जा," लोहार दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. पोरीला आत घे, मग जाते."

तो उठला नाही. ओढ्याकडची झुडपं हलली. वारा असेल. म्हातारीनं काठीवरची मूठ आवळली.