पहिलं नाव

हरिहर पाठकांनी खोक्यातलं सगळ्यात वरचं कार्ड उपसलं, उजेडाकडे धरून वाचलं आणि फाडलं.

"तायडे, टिंब, कापूस, टिंब, अडुसष्ट. हे कोणी ठरवलं?"

"मुंबईच्या गणकयंत्राचा कायदाच हाय, साहेब," धर्मपाल तायडे म्हणाला. "माहितीच्या गठ्ठ्याले नाव द्याचं, त्यात पयलं नाव ते रचणाऱ्याचं. आठ इंग्रजी अक्षरांत बसलं पायजे. माहं बसते."

"बसतं हो. शोभत नाही."

अकोल्याच्या त्या पाहणी कचेरीत दिवाळीपासून धर्मपालच वऱ्हाडभरच्या कापसाची आकडेवारी कार्डांवर भोकं पाडून उतरवत होता. ज्याचं नाव पहिलं, त्यालाच मुंबईला यंत्रावर शिकायला बोलावणार, अशी वार्ता होती. धर्मपालला नोकरीत कायम होण्याचा दुसरा रस्ता नव्हता. कचेरीचे प्रमुख असलेल्या पाठकांची निवृत्ती जवळ आली होती, पण मुंबई पाहायची राहिली होती. त्यांनी स्वतःच्या नावाचं कार्ड वर ठेवलं आणि खोक्याला सुतळी गुंडाळायला घेतली.

"थांबा, साहेब. पातूरची कार्डं दोनदा पडली. त्या भागाचा कापूस दुप्पट होऊन राह्यला. खोकं उघडं ठेवा, आजच काढतो."

"म्हणजे माझं कार्डही निघेल."

"तुमच्या नावाले हात नाही लावत."

"तुम्हा लोकांना दीक्षा घेतल्यापासून नावं बदलायची फारच हौस," पाठक म्हणाले आणि गाठीवर लाख ओतली.

धर्मपालने लाख थिजेपर्यंत पाहिलं. मग डबा उघडून जेवायला बसला.

पंधरवड्याने मुंबईहून ट्रंककॉल आला. पाठक चहाला गेले होते. धर्मपालने फोन उचलला.

"पातूरला एवढा कापूस कुठून आणलात?" पलीकडचे साहेब ओरडत होते. "वर आमची शोभा झाली! पहिलं नाव ज्याचं, त्याला परवा इथे हजर करा!"

पाठक परतले तेव्हा धर्मपालने निरोपाचा शेवट तेवढा सांगितला.

"पयल्या नावाले बलावलं, साहेब. परवा."

पाठकांनी अमरावतीच्या साडूचा गरम कोट मागवला. हार आणायला धर्मपालच गेला.

अकोला स्टेशनावर सगळी कचेरी जमली. पाठक हारासकट खिडकीत बसले. गाडी हलली तसे ते उदार झाले.

"तायडे, तिथे तुमचंही नाव सांगेन हो!"

धर्मपाल गाडीबरोबर थोडं चालला.

"नोका सांगू, साहेब," तो म्हणाला. "हार आत घ्या. खिडकीत अडकून राह्यला."