जबड्यातली गाठ

दातांच्या डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच खोल समुद्रात मासे धरायला आल्या होत्या. इथे मोठ्या माशांचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. पाणी कोमट, वारा पडलेला. निघाल्यापासून बाईंनी कप्तानाचं डोकं खाल्लं होतं. मासा झोपतो का? त्याला चव कळते का?

"मी कधी विचारलं नाही त्याला," कप्तान शेवटी म्हणाला.

दहाच्या सुमारास रीळ करकरलं. पाठीवर शिडासारखा पर असलेला, लांब चोचीचा मासा पाण्याबाहेर उसळला. पाऊण तास झुंज चालली. बाईंच्या दंडांत गोळे आले, टोपी उडाली, पण बाई गळाची काठी काही सोडीनात.

असे मासे खेळवून सोडूनच देतात. कप्तानाने हातमोजे घालून चोच धरली आणि मासा बोटीच्या कडेशी पाण्यातच ठेवला. बाई सवयीने ओणव्या झाल्या आणि थेट त्याच्या तोंडात बघू लागल्या.

"अहो, इथे आणखी एक जुना गळ आहे! मांस चढलंय त्यावर. पक्कड द्या."

"मॅडम, लागेल हाताला!"

"चाळीस वर्षं लोक चावतायत मला."

दोन्ही गळ अलगद निघाले. मासा क्षणभर थबकला आणि निळ्यात दिसेनासा झाला. गंजलेल्या गळाला बोटभर दोरी होती. तिच्यावरची गाठ कप्तान बोटांत फिरवून पुन्हा पुन्हा बघू लागला.

"काय झालं?"

"ही आमच्या दादाची गाठ. डावखुरा आहे, शेवटचा वेढा उलटा घेतो."

"मग विचारा की, कधीचा गळ आहे ते!"

"दोन वर्षं बोलत नाही आम्ही. वडिलांची बोट विकण्यावरून बिनसलं. तो दुसऱ्या बंदरात गेला."

"तुमचं भांडण राहू दे तुमच्यापाशी. मला माशाचं कळलंच पाहिजे."

किनारा जवळ येऊन रेंज मिळाली, तसा त्याने फोन लावला.

"दादा, मी बोलतोय. तुझा एक गळ सापडलाय. माशाच्या जबड्यात."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून लगेच प्रश्न आला.

"चोचीचं टोक मोडलेलं होतं?"

"होतं!" बाईच ओरडल्या.

"मागच्या हंगामात दोरी तोडून पळाला. तुझ्या वहिनीला अजून पटत नाही, एवढा मोठा होता म्हणून." दादा म्हणाला. "कुठे धरलास?"

कप्तानाने जागा सांगितली.

"एवढ्या लांब? काय खात गेला असेल रे वाटेत?"

"तुझा गुडघा कसा आहे?" कप्तानाने विचारलं.

"दुखतो. रविवारी येतो. तो गळ टाकू नकोस."

बाई तोवर नकाशा पसरून दोन बंदरांमधलं अंतर वितीने मोजत होत्या.